अखंड हरिनाम सप्ताहातून माणसाला आणि गावाला नेमकं काय मिळतं?

शिवारवाट

रामकृष्ण हरी. अडीचशे उंबऱ्यांचं गाव धरा. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. मंडप मोठा होत चाललाय, नावाजलेले कीर्तनकार येतात, शेवटच्या दिवशी स्वयंपाकाचं कंत्राट बाहेर दिलं जातं. खर्च वाढता आणि रात्री वीणेच्या पहाऱ्याला, म्हणजे गळ्यात वीणा घेऊन भजन अखंड चालू ठेवायच्या पाळीला, माणूस मिळेना. तरुण पोरं तोंडावर विचारतात, "एवढ्या पैशात अभ्यासिका उभी राहिली असती. यातून मिळतं काय?" "पुण्य मिळतं" एवढ्यावर ती गप्प बसत नाहीत, आणि का बसावं?

देव आहे की नाही हा वाद इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत. धार्मिक असण्याचा, म्हणजे नेमाने चार लोकांत जाऊन भजन-पारायण करण्याचा, माणसाला आणि गावाला काय फायदा होतो? तो कुठल्या गोष्टीतून होतो? आणि कुठे चुकलं की फक्त खर्च उरतो? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

---

वीणामंडप

पहाऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण सप्ताहाचा जीव तिथेच आहे. कीर्तनकार बदलला तरी सप्ताह होतो. वीणा खाली ठेवली की 'अखंड' हा शब्द गेला.

सात दिवस म्हणजे १६८ तास. दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पहारे. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी आणि निदान दोन टाळकरी, म्हणजे अडीचशेच्या अडीचशे माणसांच्या पाळ्या झाल्या. घरटी एक पाळी आली की तक्ता भरतो. अडीचशे उंबऱ्यांच्या गावाला हे गणित अगदी नेमकं बसतं, आणि हाच मुद्दा आहे: प्रत्येक घराचं एक काम, ते दुसरं कुणी करणार नाही, आणि वेळ ठरलेली. घरातून पैसे आले पण माणूस आला नाही, तर त्या घराला सप्ताह बघायला मिळाला, करायला नाही.

वीणा देण्या-घेण्याची रीत बघा. येणारा हातपाय धुऊन येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मध्ये जमिनीला लागत नाही. गावात ज्यांचं बांधावरून वाजलंय असे दोघं तक्त्यात पाठोपाठ आले, तर पहाटे २ वाजता त्यांना एकमेकांच्या पायाला हात लावावाच लागतो. तेवढ्याने भांडण मिटतं असं नाही. पण बोलणं सुरू व्हायला निमित्त मिळतं, आणि पहिलं कोण वाकलं हा प्रश्न उरत नाही, कारण वाकणं रीतीतच आहे. तक्ता करणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक असतं. नावं ते उगाच शेजारी लिहीत नाहीत.

दिवसाचा क्रम साधारण असा: पहाटे ४ ते ६ काकडा, सकाळी ८ ते ११ ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, ४ ला प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि पुढे जागर. पारायणात एक चूक बहुतेक ठिकाणी होते. १८ अध्याय आणि ७ दिवस म्हणून रोज अडीच अध्याय लावतात. पण बाराव्या अध्यायात अडीचशेच्या आत ओव्या, तेराव्यात साडेअकराशेच्या वर आणि अठराव्यात १८०० च्या पुढे! मग पहिले दिवस ११ च्या आधीच उरकतात आणि शेवटी व्यासपीठचालक, म्हणजे पारायण पुढे चालवणारा, आगगाडी सोडतो. वाटणी ओव्यांवर करा. एकूण ओव्या नऊ हजारांवर, म्हणजे रोज साधारण १,३००. एका ओवीला आठ सेकंद धरले तर तीन तासांच्या आत वाचून होतात. अठरावा अध्याय सहाव्या दिवशीच सुरू झाला पाहिजे.

रोज तीन तास, सात दिवस, मोठ्याने आणि दुसऱ्यांच्या सुरात सूर मिळवून वाचायचं. ज्याने शाळा सुटल्यावर पुस्तक हातात धरलं नाही, त्याचा पाचव्या दिवशीचा आवाज ऐका. पहिल्या दिवशी तो ओवीच्या शेवटच्या शब्दावर येऊन मिळत असतो, पाचव्या दिवशी पहिल्या शब्दापासून बरोबर असतो. अभ्यासिका अवश्य बांधा, पण हे तिथे होत नाही.

---

काटेतोल

वीणामंडप यांचा प्रतिसाद चांगला आहे, पण पोरं "पुरावा काय" म्हणतील. तर जे मोजलं गेलंय तेवढंच सांगतो.

अमेरिकेत परिचारिकांचा एक मोठा अभ्यास अनेक वर्षं चालू आहे. त्यातल्या ७४ हजारांहून जास्त स्त्रियांची १६ वर्षांची माहिती घेऊन २०१६ साली निष्कर्ष आले: आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी होतं. वय, आजार, सिगारेट वगैरे हिशेबात धरूनसुद्धा. इथे लगेच शंका यायला हवी: ज्याचे गुडघे धड आहेत तोच देवळात जातो, मग देवळाने तब्येत राखली की तब्येतीने देऊळ? संशोधकांनी आधीची तब्येत लक्षात घेऊन ही गाठ सोडवायचा प्रयत्न केलाय, पण असा अभ्यास कारण शंभर टक्के सिद्ध करत नसतो. शिवाय त्यातल्या बहुतेक स्त्रिया गोऱ्या आणि ख्रिस्ती. आपल्याकडे तो आकडा जसाच्या तसा उचलून फलकावर लावू नका.

मला जास्त कामाचा वाटतो तो लिम आणि पुटनम या अमेरिकेतल्या संशोधकांचा २०१० सालचा निष्कर्ष. नेमाने चर्चला जाणारे लोक जास्त समाधानी असतात, हे आधीच माहीत होतं. त्यांनी विचारलं, तिथे तुमचे जवळचे मित्र किती? मित्र असलेल्यांना फायदा दिसला. नेमाने जाऊनही ज्याचं तिथे कुणी नाही, त्याचं समाधान न जाणाऱ्याइतकंच. म्हणजे एकट्याने जाऊन, मागे बसून, प्रसाद घेऊन परत येणाऱ्याच्या पदरात या बाबतीत फारसं काही पडत नाही. पाच हजार खुर्च्या मांडून मोठ्या पडद्यावर कीर्तन दाखवणाऱ्यांनी हे वाचावं. वीणामंडप यांचा ८४ पहाऱ्यांचा तक्ता नेमका उलटं करतो: तिघांना दोन तास एकत्र उभं करतो.

भारतातलंही एक उदाहरण आहे. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर थंडीत, वाळूवर, गर्दीत आणि गोंगाटात राहणाऱ्या कल्पवासींना मेळ्याआधी आणि मेळा संपून महिना झाल्यावर प्रश्न विचारले गेले. तुलनेला न गेलेले लोक होते. एवढ्या गैरसोयीनंतर तब्येत बिघडायला हवी, पण स्वतःच्या तब्येतीबद्दल आणि मनःस्थितीबद्दल कल्पवासींची उत्तरं सुधारलेली निघाली. हा निष्कर्ष २०१२ साली छापून आला.

श्वासाचंही मोजमाप आहे. २००१ साली इटलीत २३ निरोगी माणसांकडून जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणवून घेतलं. दोन्हीमुळे श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब एका लयीत आले. प्रयोग हरिपाठावरचा नव्हता. पण चरण एका दमात म्हणून टाळाच्या ठेक्यावर श्वास घ्यायचा, ही घडण जवळची आहे. द्रुत लयीत उड्या मारत म्हटलं तर अर्थात हे लागू नाही. तो व्यायाम झाला, आणि तोही वाईट नाही.

आता तोटा. आजारपणात "देव सोबत आहे" असं मानणारा आणि "देवाने शिक्षा दिली, देवाने टाकलं" असं मानणारा, दोघंही धार्मिकच. पण दवाखान्यात दाखल झालेल्या वयस्क रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या माणसांत मृत्यूचा धोका जास्त दिसला. तेव्हा प्रवचनकार व्यासपीठावरून "हे तुमच्या पापाचं फळ" म्हणून कॅन्सरचं उदाहरण देत असेल, तर समितीने त्याला चहा पाजून दुसऱ्या दिवसापासून मोकळं करावं.

---

परातवाला

तुम्ही जागरावर आणि संशोधनावर बोललात, मी चुलीवर बोलतो. काल्याच्या, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या स्वयंपाकाचं कंत्राट बाहेर दिलं की गावाचा अर्धा फायदा टेंपोत बसून जातो.

एक हजार पानांचा हिशेब: तांदूळ ७५ किलो, आमटीला डाळ ३० किलो, भाजीला वांगी-बटाटा मिळून १०० किलो. बुंदीला बेसन २० ते २२ किलो आणि पाकाला साखर त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट. चपात्या मंडपात करायच्या नाहीत. घरटी २० चपात्या सांगा. अडीचशे घरांच्या पाच हजार येतात, माणशी पाच. उरतात, ते चालतं. ज्या घराला वर्गणी जड जाते तेही घर २० चपात्या देऊ शकतं, आणि सगळ्या टोपल्या एकाच पांढऱ्या धोतरावर रिकाम्या झाल्या की कुणाची कोणती हे कळत नाही. घरटी सारखी वस्तू मागायचं कारण हेच. पैशात मागितलं की यादी लागते आणि यादीत पहिलं-शेवटचं होतं.

भात एकदम ७५ किलोचा शिजवू नये. पंचवीस-पंचवीसचे तीन हंडे, तासातासाने. मोठ्या हंड्यातला भात मध्यभागी तासन्तास कोमट राहतो आणि तांदळात असलेले जिवाणू शिजवूनही पूर्ण मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात. उलट्या होतात त्या बहुतेक यानेच, आणि नाव बुंदीला लागतं. शिजल्यापासून चार तासांच्या आत पानात पडला पाहिजे, उरलेला रात्रीला ठेवायचा नाही. पितळी हंड्याला कल्हई नसेल तर त्यात आंबट आमटी किंवा ताक ओतू नका, कळकतं. कल्हईवाला सप्ताहाच्या आठ दिवस आधी बोलवा.

दोनशेची एक पंगत, २० ते २५ पानांमागे एक वाढपी, पंगतीला अर्धा तास. म्हणजे पाच पंगतींना अडीच तास. काल्याचं कीर्तन १२ ला संपलं तर शेवटची पंगत अडीचला उठते. पाणी प्यायला, शिजवायला, भांडी-हात धुवायला मिळून पाच हजार लिटरचा टँकर भरून उभा हवा. वाढप्यांचा क्रम मीठ, भाजी, चपाती, बुंदी, मग भात आणि आमटी. भाताच्या मागे आमटीवाला दोन पावलांवर पाहिजे, नाहीतर माणसं कोरड्या भाताकडे बघत बसतात आणि पंगत दहा मिनिटं लांबते.

एक कटू गोष्ट. पंगत ही जोडण्याची जागा आहे तशीच तोडण्याचीही. संतांनी भेद अमंगळ म्हटला तरी पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हायला साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. आजही कुठल्या गल्लीची माणसं आपणहून शेवटच्या पंगतीला बसतात, कुणाकडून पाण्याचा टँकर घेतात पण वाढायला परात देत नाहीत, हे डोळे उघडे ठेवून बघा. उपाय साधा आहे: वाढप्यांच्या चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत नाव निघालं त्याने परात उचलायची. आणि पुढाऱ्यांनी पहिल्या पंगतीला बसायचं नाही, वाढायचं.

---

माळकरी_नाही

देवावर विश्वास नसूनही एक फायदा मान्य करतो, आणि तो इथे कुणी लिहिला नाही: तुळशीची माळ.

दारू सोडायची ठरवणाऱ्याची खरी अडचण मनापेक्षा मित्र असतात. "घे रे, एकाने काय होतं?" याला रोज नवं उत्तर द्यावं लागतं. गळ्यात माळ आली की उत्तर द्यावं लागत नाही. "माळकरी आहे" म्हटलं की आग्रह करणाराच शरमतो. नकार माणसाच्या जिभेवरून गळ्यात गेला. शिवाय पाळायच्या गोष्टी स्पष्ट आहेत: दारू-मांस वर्ज्य, एकादशी, हरिपाठ, वारी. पुष्कळ माळकरी तर माळ तुटली की ओवून पुन्हा घालेपर्यंत अन्नही घेत नाहीत. ही सक्ती वाटते, पण चिवट गट बहुधा अशाच अटींवर टिकतात. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या सामूहिक वसाहतींचा अभ्यास झालाय. धार्मिक वसाहती निधर्मी वसाहतींपेक्षा जास्त वर्षं टिकल्या, आणि त्यांतही सभासदांकडून जास्त त्याग मागणाऱ्या अधिक टिकल्या. फुकट मिळालेल्या सभासदत्वाला कुणी धरून राहत नाही.

पण सप्ताहात उत्साहाच्या भरात जी चूक होते ती जीवघेणी आहे. रोज सकाळपासून पिणाऱ्याला व्यासपीठावर बोलावून माळ घालायची आणि "आजपासून बंद" असं जाहीर करायचं. अंगात मुरलेली दारू एकदम तोडली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप. गावकरी म्हणतात "अंगात आलं" किंवा "माळ मानवली नाही". ते दारू तुटल्याचं लक्षण आहे आणि त्यात माणूस मरतो. आधी सरकारी रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करा, तिथे गोळ्यांवर दारू सुटू द्या, आठ-दहा दिवसांनी माळ घाला. माळ दारू सोडवायला कमी पडते, सुटलेली दारू सुटलेली ठेवायला उत्तम.

एकादशीचं थोडक्यात: इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपास डॉक्टरांना विचारूनच. आणि साबुदाणा वडा, खिचडी, बटाट्याचा कीस म्हणजे उपास नव्हे, तो पिठाचा सण.

---

जमाखर्च

पैशाचं आणि कायद्याचं राहिलं.

नोंदणीकृत ट्रस्ट नसेल आणि लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाला आधी कळवावं लागतं. गणेश मंडळं घेतात तीच परवानगी. पावतीपुस्तकाला अनुक्रमांक, आणि किती पुस्तकं कुणाला दिली याची वही. काल्याच्या दिवशी सायंकाळी देवळाच्या भिंतीवर जमा-खर्च लावायचा. "ऑडिट झाल्यावर सांगू" म्हणजे पुढच्या वर्षी वर्गणी निम्मी. गावात विश्वास वाढतो तो या कागदाने. ज्या गावाने सप्ताहाचा हिशेब भिंतीवर वाचलाय, ते पाणीपुरवठ्याचा हिशेबही भिंतीवर मागतं. पोरांच्या अभ्यासिकेचा रस्ता कदाचित इथूनच जातो.

ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा २००० सालचा नियम. सवलतीचे दिवस सरकार जाहीर करतं ते वर्षात १५ च्या वर नाहीत आणि तेही रात्री १२ पर्यंतच. म्हणून कीर्तन साडेसातला उभं करा, साडेनऊला संपवा. काकडा आणि जागर उघड्या आवाजात. जागराला खरं तर कर्ण्याची गरजही नाही. कर्णा लागला की घरातले घरातून ऐकतात आणि मंडपात तिघंच उरतात.

तंट्यासाठी एक रीत वारीतून उचलण्यासारखी आहे. शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी सगळ्या दिंड्या टाळ वाजवत असतात. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार आहे ती मात्र वाजवत राहते. सगळ्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात, चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकली जाते. ओरडावं लागत नाही आणि तक्रार दाबताही येत नाही. गावात कीर्तनानंतर पाच मिनिटं हेच करा. पंगतीत कमी पडलं, पहारा चुकला, जे असेल ते त्याच रात्री निघालं पाहिजे. साचलेली तक्रार निवडणुकीच्या वर्षी बाहेर येते आणि एका गावात दोन सप्ताह उभे राहतात.

---

शिवारवाट

सगळ्यांचे आभार. दोन शंका. रात्री १२ ते ४ चे पहारे भरत नाहीत, त्याला काय करावं? आणि बायकांना वीणा द्यावी का, यावर गावात दोन मतं आहेत.

---

वीणामंडप

दुसरं आधी. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांचे अभंग म्हणायचे आणि बायकांना वीणा नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. आज बायका कीर्तनाला उभ्या राहतात, वीणेला का नकोत? गाव अडलंच असेल तर दुपारी १२ ते ४ चे दोन पहारे त्यांना द्या. शेतातल्या कामाच्या दिवसांत त्या वेळी पुरुष मिळतही नाहीत. दोन वर्षांत वाद आपोआप विझतो.

रात्रीचं: पहारा छोटा करा. रात्री १० ते पहाटे ४ हे सहा तास दीड-दीड तासाच्या चार पाळ्यांत वाटा, उरलेले १८ तास दोन-दोन तासांच्या नऊ पाळ्यांत. दिवसाला १३, आठवड्याला ९१ पहारे होतात, ८४ पेक्षा सातच जास्त. मध्यरात्रीच्या पाळीला एक म्हातारा आणि दोन पोरं अशी जोडी लावा, तिन्ही पोरं लावलीत तर मोबाइल निघतो. अभंगांचं पुस्तक मोठ्या टायपातलं ठेवा, डोक्यावर पिवळा दिवा नको, पांढरा हवा. चुलीवर चहाचं पातेलं पहाटेपर्यंत चालू, आणि तो चहा करायची पाळीसुद्धा तक्त्यात नावानिशी लिहा.